व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट काढायचे कसे, आणि नेमकं चुकतं कुठे

सूत्रं दोनच आहेत, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट. पॉवर = व्होल्टेज × करंट. व्होल्टेज व्होल्टमध्ये घ्या, करंट अँपिअरमध्ये घ्या, रेझिस्टन्स ओहममध्ये येतो आणि पॉवर वॅटमध्ये. एक भागाकार, एक गुणाकार, झालं.

मग पुढे एवढं लांबण कशाला लावतोय? कारण सूत्र चुकलंय असं मी फारसं कधी पाहिलेलं नाही, सूत्रात घातलेला आकडा चुकलेला मात्र ढिगाने पाहिलाय, त्यात माझे स्वतःचे पण आले. ज्या वस्तूचा हिशोब करताय तिच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज पाहिजे, तिच्यातूनच जाणारा करंट पाहिजे, आणि दोन्ही एकाच वेळचे पाहिजेत. यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं की उत्तर येतं छान दोन दशांश स्थळांपर्यंत, पण ते भलत्याच कशाचं तरी असतं.

एक उदाहरण घेऊ. माझ्या टेबलावर एक छोटं सर्किट होतं, ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारं, आणि त्यातल्या एका रेझिस्टरचा वास यायला लागला. बोट लावलं तर चांगला चटका बसला. तो एवढा करपला होता की पट्ट्यांचे रंग काही ओळखू येईनात, सगळ्या तपकिरीच दिसत होत्या, म्हणजे किती ओहमचा आहे हे वाचून कळायची सोय नाही. मग सर्किट चालू ठेवून रेझिस्टरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावला, ९.०६ व्होल्ट. नंतर सर्किट बंद करून रेझिस्टरचा एक पाय सोल्डर वितळवून उचलला, मधे मीटर घातला, परत चालू केलं, ४१.२ मिलिअँप.

आता मिलिअँपचं अँपिअर करायचं, हजारने भागायचं, ०.०४१२ अँपिअर. ९.०६ ÷ ०.०४१२ = २१९.९ ओहम. म्हणजे हा २२० ओहमचा रेझिस्टर, लाल लाल तपकिरी. आणि पॉवर? ९.०६ × ०.०४१२ = ०.३७३ वॅट. इथेच सगळा उलगडा झाला, कारण आकारावरून तो पाव वॅटचा रेझिस्टर दिसत होता, म्हणजे ०.२५ वॅट झेपणारा, आणि त्याच्यावर दीडपट लोड बसलेला. जळणार नाही तर काय होणार. तिथे मी १ वॅटचा टाकला. अर्ध्या वॅटचा पण कागदावर चालला असता, पण तो कायम ७५ टक्क्यांवर तापत राहिला असता आणि माझी सवय अशी की हिशोबात जेवढे वॅट येतील त्याच्या दुप्पट तरी रेटिंगचा रेझिस्टर घ्यायचा. कागदावरचं रेटिंग मोकळ्या हवेतलं असतं, बंद डब्यात कोंबलेल्या सर्किटमधलं नाही.

हजारने भागायचं विसरलात तर काय होतं ते पण बघून ठेवा. ९.०६ ÷ ४१.२ केलं की ०.२२ येतं आणि गुणाकार केला की ३७३. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा रेझिस्टर ३७३ वॅट उष्णता देतोय असं उत्तर आलं तर कॅल्क्युलेटरवर नाही, स्वतःवर संशय घ्यायचा. पण यातच एक सोपी युक्ती पण आहे, व्होल्टला मिलिअँपने भागलं तर जे येतं ते सरळ किलोओहममध्ये असतं, आणि व्होल्ट गुणिले मिलिअँप म्हणजे मिलिवॅट. ०.२२ किलोओहम म्हणजे २२० ओहम, ३७३ मिलिवॅट म्हणजे ०.३७३ वॅट. एकदा हे अंगवळणी पडलं की शून्यं मोजत बसायला लागत नाही, मी तर छोट्या सर्किटमध्ये कायम असंच करतो.

या दोन सूत्रांतूनच बाकीची दोन निघतात, वेगळी पाठ करायची गरज नाही. करंट माहीत नसेल तर करंटच्या जागी व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स टाका, पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स होतं. व्होल्टेज माहीत नसेल तर पॉवर = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स. वरच्याच रेझिस्टरवर ताडून बघा: ९.०६ चा वर्ग ८२.०८, भागिले २२०, ०.३७३. बरोबर तेच. यातून उलटं पण जाता येतं, २२० ओहमच्या पाव वॅट रेझिस्टरवर जास्तीत जास्त किती व्होल्ट टाकता येतील? ०.२५ × २२० = ५५, त्याचं वर्गमूळ साधारण ७.४. म्हणजे ९ व्होल्टवर तो जाणारच होता, कुणी हा हिशोब आधी केला असता तर.

मोजायचं कसं हे थोडं सांगतो कारण खरी गडबड तिथेच होते. व्होल्टेज वस्तूच्या दोन टोकांवर, म्हणजे पॅरलल. करंट मात्र रस्ता तोडून मधे मीटर घालून, म्हणजे सिरीज. करंट मोजताना लाल प्रोब वेगळ्या भोकात जातो, आणि मोजून झाल्यावर तो परत व्होल्टच्या भोकात आणायचा, हे मी सांगतोय कारण मी विसरलोय. करंटच्या भोकात प्रोब तसाच ठेवून १२ व्होल्टच्या बॅटरीवर व्होल्टेज बघायला गेलो. करंट मोजताना मीटर आतून जवळजवळ सरळ वायरच असतो, त्यामुळे बॅटरीच्या दोन टोकांमध्ये वायर टेकवल्यासारखं झालं, चट्कन ठिणगी, आणि मीटरमधला फ्यूज गेला. त्याच्यावर कडी म्हणजे नंतर तोच मीटर घेऊन एका सर्किटचा करंट मोजायला बसलो, शून्य दाखवतोय, शून्य दाखवतोय, अर्धा तास सर्किटमध्ये दोष शोधला. सर्किट ठणठणीत होतं. शून्य करंट आला की आधी मीटरचा फ्यूज बघायचा, हे तेव्हापासून. आणि काही स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो, तिथे मग मीटर जातो नाहीतर हात भाजतो.

करंट मोजायला सर्किट तोडणं जीवावर येत असेल तर आणखी एक रस्ता आहे. रस्त्यात आधीच एखादा माहीत असलेला रेझिस्टर बसलेला असतो, त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा आणि त्याच्या ओहमने भागा, करंट मिळाला. मुद्दाम १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला तर अजून मजा, जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप, हिशोबच नाही. फक्त तो १ ओहम पण थोडं व्होल्टेज खातो हे लक्षात ठेवा, आणि हो, मीटर पण करंट मोजताना आतल्या आत थोडं खातोच. म्हणून कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये मीटर मधे असताना वस्तूवरचं व्होल्टेज परत एकदा दुसऱ्या मीटरने बघितलेलं बरं. मगाशी म्हटलं ना, दोन्ही आकडे एकाच वेळचे.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा नियम आहे त्या ओहमला पण हाच त्रास झाला होता. जॉर्ज सिमोन ओहमने सुरुवातीचे प्रयोग त्या काळच्या बॅटऱ्यांवर केले, आणि त्यांचं व्होल्टेज मोजता मोजताच बदलायचं. मग पोगेनडॉर्फ नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याने थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेली जोडी, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देते) वापरायला घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात, म्हणजे तापमान हलत नाही तर व्होल्टेज पण हलत नाही. तेव्हा कुठे आकडे सरळ रेषेत आले, आणि १८२७ मध्ये त्याने सगळं छापलं. त्याच्या कितीतरी आधी कॅव्हेंडिशला पण हे सापडलं होतं पण त्याने छापलंच नाही. असो.

आता "कुठलं व्होल्टेज" हा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात जास्त चुका यातच. १२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचाय, २० मिलिअँप द्यायचेत, रेझिस्टर किती? घाईघाईत १२ ÷ ०.०२ = ६०० करून मोकळे होतात लोक. पण रेझिस्टरवर १२ व्होल्ट येतच नाहीत ना, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, रेझिस्टरच्या वाट्याला १०. म्हणून १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. ५०० चा सहसा मिळत नाही, ४७० आणि ५६० मिळतात, मी ५६० घेतो, करंट १८ मिलिअँपच्या आसपास येतो आणि उजेडात डोळ्याला काही फरक कळत नाही. पॉवर ५०० धरून १० × ०.०२ = ०.२ वॅट. आणि एलईडीची २ × ०.०२ = ०.०४ वॅट. दोन्ही मिळून ०.२४, आणि सप्लायकडून बघितलं तर १२ × ०.०२ = ०.२४. जुळलं. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी भलतं व्होल्टेज घेतलंय असं समजायचं, माझ्यासाठी हा हिशोबाचा ताळाच आहे. इथे ६०० टाकला असता तर काही जळलं नसतं, एलईडी जरा मंद लागला असता इतकंच. पण निळा किंवा पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास ठेवतो आणि सप्लाय ५ चाच असेल तर ५ ÷ ०.०२ = २५० आणि २ ÷ ०.०२ = १०० यातला फरक चांगलाच जाणवतो.

तीच गोष्ट वायरची. लांबच्या लांब बारीक वायर टाकून १२ व्होल्टवर दिवे किंवा पंप लावला की लोक म्हणतात बॅटरीत दम नाही. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, ५ मीटर लांब अंतर, जाणारी आणि येणारी मिळून १० मीटर. तांब्याच्या एका मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड वायरचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७२ ओहम असतो, म्हणून ०.०१७२ × १० ÷ ०.५ = ०.३४४ ओहम. ऐकायला किरकोळ. पण ५ अँपिअर गेले तर ५ × ०.३४४ = १.७२ व्होल्ट वायरमध्येच गेले आणि पंपाला पोचले १०.३ च्या आसपास. वायरमध्ये उष्णता किती, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, २५ × ०.३४४ = ८.६ वॅट. आता इथे जर कुणी १२ × ५ = ६० वॅट ही पंपाची पॉवर धरली तर चूक, ती बॅटरीने दिलेली पॉवर आहे, पंपाला त्यातले ५१ मिळाले. येणारी वायर विसरणं ही पण नेहमीची चूक, करंटला परत पण यायचं असतं.

बॅटरीचा आतला रेझिस्टन्स पण असाच काढतात. लोड नसताना १२.६ व्होल्ट, १० अँपिअरचा लोड टाकला की ११.८. फरक ०.८ व्होल्ट, भागिले १०, ०.०८ ओहम. इथे भागायचं ते पडलेल्या व्होल्टेजला, पूर्ण ११.८ ला नाही. ११.८ ÷ १० = १.१८ ओहम हा लोडचा रेझिस्टन्स झाला. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

बरं, मग मीटरमध्ये ओहम मोजायची रेंज असताना हा भागाकार करायचाच कशाला? साध्या सुट्या रेझिस्टरला खरंच गरज नाही, सर्किटमधून काढा, मीटरवर बघा. (चालू सर्किटमध्ये ओहम रेंज लावायची नाही हां, आकडा तर चुकतोच, मीटर पण जाऊ शकतो.) पण काही वस्तूंचा रेझिस्टन्स चालू असताना वेगळा आणि बंद असताना वेगळा असतो. जुना तारेचा बल्ब घ्या, २३० व्होल्ट ६० वॅट. करंट ६० ÷ २३० = ०.२६ अँपिअर, रेझिस्टन्स २३० चा वर्ग ÷ ६०, साधारण ८८२ ओहम. आता बल्ब बंद करून, थंड झाल्यावर मीटरने मोजा, पाऊणशेच्या आतच काहीतरी दाखवेल. मीटर खराब नाही आणि हिशोब पण चुकला नाही, टंगस्टनची तार पांढरीफेक तापते तेव्हा तिचा रेझिस्टन्स थंडपेक्षा दहा-पंधरा पट होतो. म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्या दाबल्याच जातात, तार थंड असते, त्या क्षणी करंट कितीतरी पट जास्त धावतो.

हीटरच्या कॉइलचं तसं नाही, तिची तार अशा मिश्रधातूची असते की तापली तरी रेझिस्टन्स फार हलत नाही, त्यामुळे लेबलवरून केलेला हिशोब चांगला बसतो. २००० वॅट, २३० व्होल्ट: करंट ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स २६.४५ ओहम. आता व्होल्टेज घसरून २०० झालं तर? लोक म्हणतात १३ टक्के कमी झालं तर वॅट पण १३ टक्के कमी. नाही हो. कॉइल तीच आहे, २०० चा वर्ग ÷ २६.४५ = १५१२ वॅट, म्हणजे जवळजवळ पाव पॉवर गेली. व्होल्टेज कमी झालं की करंट पण कमी होतो, मार दोन्हीकडून बसतो.

पण हे सगळ्या उपकरणांना लावू नका. लॅपटॉपचा चार्जर, एलईडी बल्बचा चांगला ड्रायव्हर (म्हणजे त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट), हे लोक व्होल्टेज कमी झालं तर उलट जास्त करंट ओढतात, कारण त्यांना आपली पॉवर तेवढीच ठेवायची असते. तिथे व्होल्टेज ÷ करंट केलं तर एक आकडा येतो, पण तो त्या क्षणापुरता, त्याच्यावरून दुसऱ्या व्होल्टेजचा अंदाज बांधलात की फसलात.

एसीवर, म्हणजे घरात येणाऱ्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर, आणखी एक भानगड. मोटर, पंखा, कॉम्प्रेसर यांना व्होल्टेज गुणिले करंट केलं की वॅट येत नाहीत, व्होल्ट-अँपिअर येतात. २३० व्होल्ट, दीड अँपिअर, गुणाकार ३४५. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरे वॅट होणारा हिस्सा, ०.७ असेल तर खरे वॅट २४१ च्या आसपास. घरच्या वीजमीटरच्या युनिटमध्ये मोजले जातात ते हे खरे वॅट, पण वायर आणि स्विचमधून मात्र पूर्ण दीड अँपिअर जातोच, म्हणून वायर निवडताना करंटच बघायचा, वॅट बघून ठरवायचं नाही. आणि व्होल्टेज ÷ करंटने जे ओहम येतात तो नुसता रेझिस्टन्स नसतो, इम्पीडन्स (एसीला होणारा एकूण अडथळा) असतो, मोटरच्या वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर, मीटर लावून तो कधीच जुळणार नाही, मीटर कमीच दाखवेल, त्यामुळे वाइंडिंग शॉर्ट झाली म्हणून घाबरू नका.

मेन्सवर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर, स्वतः वायर तोडून करंट मोजायला जाऊ नका, खरंच नका. त्याला क्लॅम्प मीटर असतो, एकाच वायरभोवती लावायचा, दोन्ही वायर एकत्र चिमट्यात धरल्या तर शून्य येतं कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. किंवा प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर घ्या, तो पॉवर फॅक्टरसकट सांगतो.

आणि प्लगवरूनच आठवलं, मोठा हीटर लावला की प्लग गरम का होतो. वरचाच ८.७ अँपिअरचा हीटर, आणि पिन सॉकेटमध्ये जरा सैल आहे, समजा ०.१ ओहमचा कॉन्टॅक्ट झालाय. ८.७ चा वर्ग ७५.७, गुणिले ०.१, साडेसात वॅट, तेवढ्याशा पितळेच्या टोकाला आणि प्लास्टिकच्या आत. त्या कॉन्टॅक्टवर व्होल्टेज पडतंय फक्त ०.८७, हीटरला काही कमी पडलंय असं कुणाला वाटणार पण नाही. ओहम रेंजवर हे शोधायला गेलात तर मीटरच्या प्रोबच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात, त्यात ०.१ कुठे दिसणार. असे बारके रेझिस्टन्स शोधायचे असतील तर सुटी केलेली वस्तू बेंच सप्लायला (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय) जोडून १ अँपिअर सोडायचा आणि व्होल्टेजचे प्रोब थेट कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे, करंटच्या वायरींवर नाही. २३ मिलिव्होल्ट दिसले तर २३ मिलिओहम, १०० दिसले तर तो सॉकेट बदलायचा.